नदीलाही पाण्याची वेळ!

नळाला पाणी येण्याची वेळ असते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर १० मधल्या घरांतही दिवसाची घडी त्या वेळेभोवतीच बसलेली असते. पाणी आले की आधी पिण्याचे भरायचे, मग बादल्या, मग उन्हाळ्यात कुलर. घरात पाहुणे असले तर आंघोळीचे नंबर लावायचे. पण नदीलाही पाणी येण्याची वेळ असते, असे कुणी सांगितले तर?

समजा, सेक्टर १० मधले असेच एक मराठी कुटुंब आहे. वडील कारखान्यात नोकरीला, आई शिक्षिका, थोरली मुलगी सतरा वर्षांची, धाकटा पंधराचा. आजोबाही घरात आहेत. त्यांचीही सारी हयात कारखान्यात गेली. अशी मराठी घरे भिलाईला नवी नाहीत. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातली अनेक कुटुंबे रोजगारासाठी इकडे आली. सुट्टी लागली की यांची पावले अजूनही महाराष्ट्राकडे वळतात.

या मे महिन्यात मुक्काम आहे रोह्याला, मामाकडे. मामाने भाच्यांसाठी एक बेत आखून ठेवला आहे. कोलाडला जायचे आणि कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचे! आईच्या कपाळावर लगेच आठ्या पडतात.

"दादा, अरे पोरांना धड पोहता येत नाही."

"लाइफ जॅकेट असतं गं. आणि बरोबर येणारा माणूस नदीचा दगड न् दगड ओळखतो. तू काळजी करू नकोस."

सकाळी मंडळी नदीवर पोहोचतात. हवा भरलेल्या रबरी होड्या काठावर मांडून ठेवलेल्या. हेल्मेट, वल्ही, सगळे तयार. पण पात्रात पाहावे तर दगडच जास्त. मधून एक धार रेंगाळत चाललेली.

"मामा, पाणी तर दिसतच नाही आहे!" धाकटा आपल्या भिलाईकडच्या मराठीत म्हणतो.

"अजून आलं नाही. वर वीजघर सुरू झालं की येईल."

"नदीला पाणी येईल? नळासारखं?"

सगळे हसतात. पण पोराने विचारले ते हसण्यासारखे नाही. थोड्याच वेळात वरून आवाज येऊ लागतो. दगड एकेक करून बुडतात, रेंगाळणारी धार रुंदावते आणि बघता बघता नदी दोन्ही काठ धरून वाहू लागते. आकाशात ढग नाही, पाऊस नाही आणि ऐन मे महिन्यात नदीला पूर! हे पाणी आले कोठून?

घाटापलीकडचे पाणी

या पाण्याची गोष्ट कोलाडला सुरू होत नाही. ती सुरू होते सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या मुळशी खोऱ्यात. मुळा नदी तिथे उगम पावून पूर्वेकडे वाहते. पुण्यात ती मुठेला मिळते, पुढे भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे मुळशीत पडलेल्या पावसाच्या थेंबाला निसर्गाने पूर्वेची वाट दिली होती.

माणसाने ती वाट बदलली. मुळशीला धरण बांधले गेले आणि अडवलेले पाणी बोगद्यातून व मोठ्या नळांतून घाटाच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणातल्या भिरा येथे आणले गेले. इतक्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर जनित्रे फिरू लागली. टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तीन जलविद्युत केंद्रे मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज देण्यासाठी उभी राहिली. त्यांतले भिरा १९२७ मध्ये सुरू झाले.

वीज करून झाल्यावर पाणी काही संपत नाही. ते कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरते. भिऱ्याच्या खाली, रावळजे येथे त्यावर आणखी एकदा वीज तयार होते आणि मग ते नदीत सोडले जाते. पुढे कालव्यांतून शेतीला, नळांतून रोह्याच्या कारखान्यांना मिळते आणि उरलेले रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. बंगालच्या उपसागराकडे निघालेला थेंब अरबी समुद्रात पोहोचतो!

कोलाडचे राफ्टिंग उभे आहे ते या सोडलेल्या पाण्यावर. कोकणातल्या बहुतेक लहान नद्या दिवाळीनंतर रोडावतात. कुंडलिका मात्र पावसाळा सरल्यावरही सकाळी जागी होते, कारण मुंबईला विजेची गरज असते. तिथे होड्या चालवणाऱ्यांचे लक्ष आभाळापेक्षा घड्याळाकडे असते. वीजघर बंद, तर नदीही बंद.

वल्हे हातात घेण्यापूर्वी

राफ्टिंगला 'व्हाइट वॉटर' म्हणतात, त्याचे कारण सोपे आहे. उतारावर दगडांना आपटून पाण्यात हवा मिसळते आणि फेस होऊन ते पांढरे दिसते. अशा खळाळत्या टप्प्याला रॅपिड म्हणतात. जगभर त्यांची अवघडपणानुसार एक ते सहा अशी प्रतवारी केली जाते. एक म्हणजे नुसती लहर, सहा म्हणजे जिवावरचा खेळ. कुंडलिकेचे रॅपिड सर्वसाधारणपणे दोन ते तीनमध्ये मोडतात. सुमारे १२ किलोमीटरच्या टप्प्यात असे दहाएक खळाळ लागतात. नवख्याला थरार वाटावा, पण शिस्त पाळली तर भीती वाटू नये, इतपत.

आईची काळजी मात्र अस्थानी नाही. काही गोष्टी प्रत्येक पालकाने समजून घ्याव्यात. साधारणपणे १४ वर्षांखालच्या मुलांना या होडीत घेत नाहीत. मुलाने कितीही हट्ट केला तरी वय वाढवून सांगू नये. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळलेले हवेत. खांद्याजवळ धरून वर ओढले असता जॅकेट हनुवटीच्या वर सरकले, तर ते सैल आहे असे समजावे. हेल्मेटची पट्टी बांधलेली हवी. चपला वाहून जातात, म्हणून पायाला घट्ट बसणारे बूट घालावेत. चष्म्याला दोरी बांधावी, दागिने घरीच ठेवावेत.

होडीतून पाण्यात पडलेल्याने काय करायचे, हे सगळ्यांत महत्त्वाचे. माणसाचा पहिला विचार असतो तो उभे राहण्याचा. वाहत्या खळाळात तीच चूक घातक ठरते. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला तर मागून येणारे पाणी माणसाला पुढे वाकवते आणि गुडघाभर पाण्यातही डोके बुडते. म्हणून पाठीवर उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे, बोटे पाण्यावर दिसली पाहिजेत. दगड आला तर तो पायाने झेलायचा. फेकलेली दोरी मिळाली तर ती धरून ठेवायची, पण हाताला गुंडाळायची नाही. मोठ्या दगडाच्या मागे पाणी संथ असते किंवा उलटे फिरते; तिथे जाऊन विसावा घेता येतो.

आणि एक सूचना, राफ्टिंग न करणाऱ्यांसाठी. धरणाखालच्या नदीत पाणी कमी दिसते म्हणून पात्रात उतरून फोटो काढत बसू नये. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या दगडांवर उभ्या असलेल्या हैदराबादच्या २४ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना प्राण गमवावे लागले. वरच्या धरणातून पाणी सोडले गेले होते. पूर आला तेव्हा आभाळ स्वच्छ होते. ज्या नदीला पाण्याची वेळ असते, तिची वेळ माहीत नसताना तिच्या पात्रात पाऊल टाकू नये.

ज्यांची शेते पाण्याखाली गेली

दोन तासांनी होडी काठाला लागते. पोरांचे चेहरे उजळलेले. धाकटा दोनदा पाण्यात पडला आणि दोन्ही वेळा पाय पुढे ठेवून तरंगला, याचा त्याला कोण अभिमान! आईसुद्धा शेवटच्या संथ टप्प्यात पाण्यात उतरली होती, हे ती आता कबूल करते. गरम चहा होतो. तेवढ्यात काठावर बसून राहिलेले आजोबा विचारतात, "मुळशीचं पाणी म्हणालात ना? सेनापती बापटांच्या मुळशीचं?"

मुलांनी हे नाव रस्त्यांच्या पाट्यांवर वाचलेले असते. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती मुळशीच्या सत्याग्रहामुळे. धरणाखाली जाणारी जमीन मावळ्यांची होती, भाताची होती. सुमारे पन्नास गावांवर ते संकट होते. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी बांधावर बसून काम अडवले. बायामाणसे त्यात होती. बापट आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. धरणाविरुद्धचा हा लढा १९२४ पर्यंत, तीनेक वर्षे चालला. पण अनेक जमिनींची कागदोपत्री मालकी सावकारांकडे होती. त्यांनी मोबदला घेतला, कसणाऱ्यांची फळी फुटली आणि धरण पुरे झाले.

धरणांमुळे उठणाऱ्या लोकांनी जगात जे लढे दिले, त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांत मुळशीचा समावेश होतो. नर्मदेच्या आंदोलनाच्या साठ वर्षांहून आधीचा तो. ज्या लाटेवर मुले आत्ता किंचाळत होती, ती लाट त्या शेतांवरून आलेली होती.

थोरली गप्प होते. मग विचारते, "आजोबा, मग या पाण्यावर खेळायचं की नाही?"

आजोबांकडे तयार उत्तर नसते. ज्या माणसाने सारी हयात पोलाद ओतण्यात घालवली, तो धरणाला नावे कशी ठेवणार? पोलादाला पाणी लागते, वीज लागते. "खेळायचं गं," ते म्हणतात, "पण पाणी कुणाचं ते विचारायचं."

शंभर वर्षांनी मोकळी झालेली नदी

धरण बांधले की ते कायमचे, असे आपण धरून चालतो. जगात आता दुसरेही घडू लागले आहे. अमेरिकेच्या पश्चिमेला ऑरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतून वाहणारी क्लॅमथ ही डोंगरातली नदी. तिच्यावर विजेसाठी एकामागून एक धरणे झाली. त्यांतले कॉप्को क्रमांक एक हे १९१८ मध्ये पुरे झाले, तर आयर्न गेट हे १९६० च्या दशकात. नदीकाठी युरोक, कारुक, क्लॅमथ अशा आदिवासी जमाती पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांचे अन्न आणि त्यांचे सणवार सामन माशाभोवती गुंफलेले. हा मासा डोंगरातल्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या माहेरच्या ओढ्याकडे परततो. धरणांनी त्याची माहेरची वाट बंद केली.

सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या खालच्या भागात पाणी कमी आणि कोमट झाले, रोग पसरला आणि हजारो सामन मरून काठाला लागले. त्या दिवसांत काठावर मेलेले मासे पाहणाऱ्या लोकांनी धरणे काढण्याची मागणी लावून धरली. ती वीस वर्षे चालली. मोर्चे झाले, वाटाघाटी झाल्या, करार मोडले आणि पुन्हा झाले.

शेवटी निर्णायक ठरला तो हिशेब. धरणे जुनी झाली होती. परवाना नव्याने घ्यायचा तर माशांसाठी मोठा खर्च करून मार्ग बांधावे लागणार होते आणि वीज तर कंपनीच्या एकूण उत्पादनाच्या दोन टक्क्यांहून कमी. ठेवण्यापेक्षा काढणे परवडत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारी परवानगी मिळाली. चार धरणांपैकी सर्वांत लहान धरण २०२३ मध्ये काढले गेले. जानेवारी २०२४ मध्ये बाकीच्या जलाशयांचे पाणी हळूहळू सोडले गेले आणि ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला चारही धरणे हटवल्याचे जाहीर झाले. उघड्या पडलेल्या गाळावर स्थानिक गवत आणि झाडांच्या अब्जावधी बिया पेरण्यात आल्या. काम संपल्याला पंधरवडाही झाला नव्हता, तोच सामन मासे धरणांच्या जागा ओलांडून ऑरेगनमधल्या ओढ्यांत पोहोचले. १९१२ नंतर तिथे तो मासा दिसला नव्हता. शंभराहून अधिक वर्षांनी माहेरची वाट त्याला कुणी दाखवली, हे ज्याचे त्याने नवल करावे.

माशांच्या मागोमाग माणसे निघाली. १२ जून २०२५ रोजी नदीच्या खोऱ्यातली आदिवासी मुले उगमाजवळून कयाक घेऊन पाण्यात उतरली. कयाक म्हणजे एकट्याने बसून दुतोंडी वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी. वये साधारण तेरा ते वीस, म्हणजे सेक्टर १० मधल्या या बहीणभावांएवढीच. यांतली कित्येक मुले दोन-तीन वर्षांपूर्वी कयाकमध्ये कधी बसलीही नव्हती. उलटी झालेली कयाक पाण्याखालूनच पुन्हा सरळ कशी करायची, इथपासून त्यांनी धडे गिरवले होते. मग एक महिना ती वल्हवत राहिली. तलाव ओलांडले, नव्याने उघड्या पडलेल्या दऱ्यांतले खळाळ पार केले. वरच्या भागात अजून दोन लहान धरणे उभी आहेत. तिथे होड्या उचलून काठाने चालावे लागले. पण पुढे, जिथे चार धरणांच्या भिंती होत्या, तिथून ती न थांबता गेली. सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास करून ११ जुलैला ती पॅसिफिक महासागराशी पोहोचली. वाळूच्या दांड्यावर आईवडील आणि आजीआजोबा वाट पाहत होते.

त्या आजीआजोबांनी धरणे असलेलीच नदी पाहिली होती. नातवंडांनी मोकळी नदी पाहिली. सहसा उलटे घडते. आजोबा सांगतात, "आमच्या वेळी नदी अशी होती," आणि नातवंडे फक्त ऐकतात.

मोकळी नदी वेळ पाळत नाही

या आनंदाच्या गोष्टीत एक दुखरी बाजूही आहे आणि ती कोलाडच्या नावाड्यांना चटकन समजेल. क्लॅमथवर 'हेल्स कॉर्नर' नावाचा खळाळांनी भरलेला एक प्रसिद्ध टप्पा आहे. तिथले राफ्टिंग कुंडलिकेसारखेच चालायचे. वरच्या वीजघरातून रोज पाणी सुटायचे आणि त्यावर होड्या निघायच्या. उन्हाळ्याच्या अखेरीसही हमखास पाणी. धरण गेले आणि ती हमी गेली. आता नदीत पाणी किती, हे डोंगरावरचा बर्फ आणि पाऊस ठरवतो. ज्यांचा धंदा त्या वेळापत्रकावर होता, त्यांना नवे मार्ग शोधावे लागले. दुसरीकडे, जलाशयांखाली गाडलेले नवे टप्पे वल्हवायला मोकळे झाले. एकाचे गेले, दुसऱ्याला मिळाले.

म्हणून धरण काढणे म्हणजे पुण्य आणि धरण बांधणे म्हणजे पाप, इतका सोपा निवाडा करता येत नाही. कोलाडची धरणांची साखळी उद्या बंद झाली तर मुंबईची वीज, कोकणातले कालवे, रोह्याचे नळ आणि नदीकाठच्या तरुणांचा रोजगार यांचे काय, हे विचारावेच लागेल. पण प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला पाहिजे. बांधताना काय मिळणार याचा हिशेब मांडतात. काय जाणार याचाही मांडला पाहिजे. आणि धरण म्हातारे झाले की तो हिशेब पुन्हा एकदा तपासला पाहिजे. भारतात शंभरी ओलांडलेली धरणे दोनशेहून अधिक आहेत. त्यांतली बहुतेक आजही उपयोगी आहेत. तरी वय कुणाला चुकले आहे?

घरच्या नळाची नदी

सुट्टी संपते, गाडी दुर्गला पोहोचते. सेक्टर १० मध्ये आल्यावर पहिले काम कोणते? पाणी भरणे! बादलीखाली नळ सोडताना थोरलीच्या मनात कोलाडचा प्रश्न उभा राहतो. हे पाणी कुठून येते?

उत्तर आजोबांना पाठ आहे. बालोदजवळचा तांदुळा जलाशय इंग्रजांच्या काळातला; त्यालाही शंभर वर्षे होऊन गेली. धमतरीजवळ महानदीवरचे गंगरेल धरण १९७० च्या दशकाच्या अखेरीचे. या जलाशयांतले पाणी कालव्यांनी येते आणि भिलाईचा कारखाना, वसाहत व शेती त्यावर जगते. दुर्गच्या शेजारून वाहणारी शिवनाथ नदी तर वेगळ्याच कारणाने गाजली. १९९८ मध्ये तिचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा उद्योगांना पाणी पुरवण्यासाठी एका खासगी कंपनीच्या हाती देण्यात आला. काठच्या गावांना मासेमारीला आणि नदीच्या पाण्याला अडकाठी होऊ लागली, तेव्हा 'नदी विकली' म्हणून देशभर ओरड झाली. नदी कुणाची, हा प्रश्न भिलाईकरांनी असा घराजवळ पाहिलेला आहे.

आणि मोकळी वाहणारी डोंगरातली नदी? तीही फार दूर नाही. भिलाईहून दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर, जगदलपूरजवळ, इंद्रावती चित्रकोटला घोड्याच्या नालेच्या आकारात सुमारे ९० फूट खाली कोसळते. पुढे बस्तरच्या जंगलातून वाहत ती गडचिरोलीच्या हद्दीवरून जाते आणि सिरोंचा तालुक्यात गोदावरीला मिळते. म्हणजे ती मराठी मुलखाचीही नदी आहे. तिचे पाणी मात्र उगमाकडेच, ओडिशात, अडवून महानदीच्या खोऱ्यात वळवलेले आहे. मुळशीसारखेच! उन्हाळ्यात चित्रकोटची धार बारीक होते. खाली, बारसूरच्या बाजूला, बोधघाट धरणाची योजना १९७० च्या दशकापासून कागदावर आहे. १९७९ मध्ये पायाभरणी झाली, मग जंगलाच्या प्रश्नावरून ती अडली. २०२० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तिच्या हालचाली सुरू झाल्या. सिंचन आणि वीज मिळेल, असे सरकार सांगते. बुडणाऱ्या गावांतले आदिवासी आपल्या शेतांबद्दल विचारतात. मुळशीच्या मावळ्यांनी शंभर वर्षांपूर्वी तेच विचारले होते.

या दोहोंमधली एक वाटही कायद्याने दाखवली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेसाठी नियम केला. उगमापासून हरिद्वारपर्यंत, धरण असले तरी नदीत ठरावीक वाटा वाहता ठेवायचा. नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत येणाऱ्या प्रवाहाच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. नदीच्या पोटातले सगळेच पाणी काढून घ्यायचे नाही, तिच्यापुरते तिला ठेवायचे. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर आईच्या ताटात काय उरले, हे पाहणारे कुणी असावे, तसा हा नियम आहे. तो इतर नद्यांनाही मिळावा, असे म्हणायला कुणी तज्ज्ञ असावे लागत नाही.

बादली भरून वाहू लागते. "अगं, नळ बंद कर!" आई स्वयंपाकघरातून ओरडते. थोरली नळ बंद करते आणि आजोबांना विचारते, "दिवाळीच्या सुट्टीत चित्रकोटला जायचं? तेव्हा पाणी भरपूर असेल."

"जाऊ की. पण तिथं घड्याळ घेऊन नको येऊस," आजोबा म्हणतात. "ती नदी अजून आपल्या वेळेनं वाहते."